चार परूस खोल

माझ्या ओसरीतल्या भिंतीवर, जमिनीपासून सात फुटांना दोन बोटे कमी अशा उंचीवर, खडूची एक आडवी रेघ आहे. दसऱ्याच्या आधी घराला चुना होतो तेव्हा कुंचला मी स्वतः हातात घेतो आणि त्या रेघेभोवती वीतभर जागा कोरडी सोडतो. पांढऱ्या भिंतीवर तेवढाच एक मळका चौकोन राहतो. घरच्यांनी त्याबद्दल विचारणे आता सोडून दिले आहे. ती रेघ बसवणप्पा मास्तरांनी काढली, आणि ती काढताना भिंतीला पाठ टेकून, आरोपीसारखा हात वर करून उभा होता तो मी.

भूमच्या कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली माझी बैठक आहे. निजामाच्या अमदानीत मी उर्दूत दरख्वास्ती लिहिल्या, विलीनीकरणानंतर मराठीत अर्ज लिहू लागलो. शाळा मला चौथीपर्यंतच लाभली. तरी जो अर्ज वकिलाला दोनदा खोडावा लागतो, तो मी एका बैठकीत, एकाही खाडाखोडीशिवाय उतरवतो, हे तालुक्यात कोणीही सांगेल. लोक मला मुन्शी म्हणतात. अधिकारी बदलले, राज्य बदलले, शिक्क्यावरची भाषा बदलली, माझी सतरंजी हलली नाही. हे आत्मस्तुतीसाठी लिहीत नाही. ज्या माणसाविषयी लिहायचे आहे त्याने माझ्या ह्याच अभिमानाला एकदा माप लावले, म्हणून त्या अभिमानाची मूळ उंची आधी नमूद करणे भाग आहे.

बसवणप्पा मास्तर उमरग्याकडचे. घरची भाषा कानडी, हैदराबादला शिक्षण झाले ते उर्दूत, आणि आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यावर तालुक्याच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला आले ते मराठीत. उंच, वाळलेला देह, कपाळावर विभूतीची तीन बोटे, अंगात भर उन्हाळ्यातही काळा कोट. कोटाच्या खिशांत ओळंबा, लोहचुंबक, भिंगाचा तुकडा, मेणबत्तीचे थोटूक आणि सुताची एक लांब दोरी. त्या दोरीला फुटाफुटावर गाठ. मास्तर बोलत मराठीत, पण मोजत कानडीत. हिशोब अवघड झाला की त्यांचे ओठ हलू लागत, 'ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु', आणि तेवढा वेळ वर्गात पोरे खोकत देखील नसत, असे ऐकीव आहे.

त्यांची एक सवय सबंध गावाला ठाऊक होती आणि निम्म्या गावाला तिचा जाच होता. मास्तर कोणाच्याही कामापुढे थांबत आणि विचारत, "हा कोणता धडा?" शनिवारी सकाळची शाळा सुटली की वरच्या वर्गाची पोरे मागे घेऊन निघत. लोहार तापलेली धाव गाडीच्या चाकावर चढवत असे तिथे थांबायचे. टुरिंग टॉकीजच्या तंबूत भर दुपारी शिरून, भिंग पुसत बसलेल्या ऑपरेटरला जाब विचारायचा. एस.टी.च्या ड्रायव्हरला उभ्या गाडीत ब्रेक दाबायला लावायचे.

"मास्तर, माझा धडा मागं ठिवा," एकदा तो ड्रायव्हर म्हणाला. "मला येरमाळ्याला टायमात जायचंय."

"टायमात थांबता येतं म्हणून टायमात जाता, रावसाहेब. हा कोणता धडा, पोरांनो?"

पोरांनी 'घर्षण' म्हटले की मास्तर पाठकोऱ्या कागदांची शिवलेली एक वही काढीत. त्या वहीत पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक धड्याला एक पान होते आणि पानावर त्या धड्यावर पोट भरणाऱ्यांची नावे होती. 'भिंगे' ह्या धड्याखाली चष्मेवाला, फोटोवाला आणि तो तंबूतला ऑपरेटर. 'उष्णतेने प्रसरण' ह्याखाली दोन लोहार. 'मोजमाप' ह्या पहिल्याच धड्याखाली शिंपी, सोनार आणि भूमापनाचा मोजणीदार.

"धडा पाठ झाला का, ते परीक्षा बघंल," मास्तर म्हणत. "त्या धड्यावर कुणाची चूल पेटती, ते ठावं पायजे. न्हाय तर धडा अन् आरती एकच."

मी एकदा सहज विचारल्यासारखे विचारले, "मास्तर, आमचे नाव कोणत्या धड्यात?" त्यांनी माझा टाक पाहिला, दौत पाहिली, टीपकागद उन्हात धरून पाहिला. मग वहीची पाने एकेक करून उलटली.

"निबाचा धडा हाय. टीपकागदाचा बी हाय," ते म्हणाले. "तुमचा न्हाय सापडला, मुन्शीजी. बघतो."

हे मला लागले, हे कबूल करतो.

त्या वहीत एक पान पहिल्यापासून कोरे होते. वर 'हवेचा दाब' असे नाव आणि खाली काही नाही. आमच्या मुलखात त्या धड्यावर पोट भरणारा कोणीच नव्हता. मास्तरांना ते कोरे पान दाढेत अडकलेल्या सुपारीसारखे सलत असे. तो धडा पोरांना डोळ्यांनी दिसावा म्हणून त्यांनी एकदा तालमीच्या वस्तादांना शाळेत आणले. खाली पाण्याची बादली ठेवली, तीत रबराची लांब नळी सोडली. वस्ताद शिडीच्या चौथ्या पायरीवर उभे राहिले, नळी तोंडाला लावून त्यांनी ओढले, आणि पाणी आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मास्तरांनी त्यांना गच्चीवर पाठवले. वस्तादांनी पुन्हा ओढले. मानेच्या शिरा टरारल्या, डोळे लाल झाले, पण पाणी येईना. एक पोर हसले. वस्तादांनी नळी खाली भिरकावली आणि जिना उतरून ते सरळ मास्तरांच्या अंगावर आले.

"चारचौघांत फजिती कराया बोलिवलं व्हय मला?"

मास्तर जागचे सरले नाहीत.

"वस्ताद, पाणी कुणालाच वढता येत न्हाय. तुमी नळीतला वारा काढून वाट मोकळी करता. पाण्याला वर ढकलतो तो बाहेरचा वारा. तुमची छाती चौदा फुटाला थांबली. इंजिनाचा पंप पंचविसाला थांबतो. अन् वाऱ्याचा सोताचा दमच आपल्या मुलखात तीस-एकतीस फुटाचा हाय. त्याच्या फुडं त्याची बी फजितीच."

वस्तादांनी वर गच्चीकडे पाहिले. "म्हंजी वारा बी हरतो."

"हरतो."

"मग काय हरकत न्हाय," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी फेटा बांधायला घेतला.

मी त्या वेळी आवारात हजर होतो आणि जाणकारासारखी मान हलवीत होतो. पंचवीस आणि तीस हे दोन्ही आकडे त्या दिवशी माझ्या कानांवरून गेले होते, हे मुद्दाम नमूद करून ठेवतो.

त्या कोऱ्या पानावर पहिले नाव लागले ते हणमंताचे. विहिरी खणणाऱ्या यल्लप्पा वडाराचा हा मुलगा. त्यांच्या पालावर ह्याच्या आधी कोणी पाटीला हात लावला नव्हता. दोन खेपांनी का होईना, तो मॅट्रिक झाला, आणि शास्त्रात त्याला वर्गात सर्वांहून अधिक गुण पडले. मास्तरांनी त्याला पंपाचे काम शिकायला पाठवले. तो परत आल्यावर ब्लॉक ऑफिसात मेकॅनिकची जागा निघाली. वडाराचा मुलगा म्हणून तिथे कुरकुर झाली, तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या सहीने दाखला दिला. त्यात एकच ओळ होती: 'हा मुलगा वस्तूशी खोटे वागत नाही, ह्याला मी जामीन आहे.' त्या दिवशी ते मुद्दाम माझ्या झाडाखाली आले आणि वही उघडून म्हणाले, "मुन्शीजी, पान लागलं."

आता मूळ मुद्द्यावर येतो.

भूमकडून वाशीमार्गे येरमाळ्याला चैत्रातल्या जत्रेसाठी माणसे पायी जातात. त्या वाटेवर एक गाव आहे; त्याचे नाव लिहीत नाही. त्या गावात पिण्याच्या पाण्याची एकच विहीर धड आहे. जत्रेच्या गर्दीला पोहऱ्याने पाणी पुरत नसे, म्हणून सरकारने तिथे तेलाच्या इंजिनावरचा पंप मंजूर केला. छापील फॉर्म भरण्यासाठी गावचे पाटील माझ्याकडे आले. एका रकान्यात 'जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली, फुटांत' असे विचारले होते.

"लिवा चार परूस," पाटील म्हणाले.

विहिरीची खोली आमच्याकडे परुसांत सांगतात. परूस म्हणजे पुरुष, पुरुष म्हणजे माणूस, आणि माणूस म्हणजे सरासरी साडेपाच फूट, असे मी तिथल्या तिथे सिद्ध केले. चार साडेपाचे बावीस.

पाटलांनी डोके खाजवले. "यल्लप्पा वडाराला इचारावं का एक डाव? त्यानंच खणलीया."

"पाटील, सरकारी फॉर्म वडाराला विचारून भरतात का?" हे माझे शब्द. मी सुंदर अक्षरात 'बावीस' लिहिले, अंकी आणि अक्षरी.

ऑफिसचा नियम असा होता की पाणी पंचवीस फुटांच्या आत असेल तर पंप विहिरीच्या काठावर बसवायचा. त्याहून खोल असेल तर आधी विहिरीत दगडी कट्टा बांधायचा आणि पंप त्या कट्ट्यावर उतरवायचा. बावीस वाचून काठावर बसवण्याचा हुकूम निघाला. नळाचे शेवटचे टोक दहा फूट पाण्यात बुडावे अशा हिशोबाने बत्तीस फूट नळ आला. हणमंताने हुकमाप्रमाणे तो बसवला, इंजिन सुरू केले, पंप गरगर फिरला, आणि पाण्याचा थेंब आला नाही.

त्याने पंपात घागरीने पाणी भरून पाहिले, सांधे आवळले, पुन्हा इंजिन लावले. दोन दिवस हेच चालले. काठावर माणसे बसून असत. जत्रा आठ दिवसांवर आली होती. कोणी म्हणे, वडाराला सरकारी खुर्ची पचत नाही. कोणी म्हणे, विहिरीचा कोप झाला. तिसऱ्या दिवशी त्याने नळ वर ओढला, त्याच्या बुडाची पितळी झडप काढली आणि ती बार्शीला घासून आणावी म्हणून पिशवीत घालून, कोणाशी न बोलता, सकाळच्या गाडीसाठी वाशीच्या स्टँडवर गेला. गावच्या चौघांनी त्याला तिथे धरले. पिशवी उलटी केली. वडाराच्या पिशवीत सरकारी पितळ निघाले. ह्याहून अधिक पुरावा कोणाला हवा होता?

हणमंता चौकीत गेला आणि पाटील माझ्याकडे आले. मी तक्रारअर्ज लिहिला, दोन पृष्ठांचा. त्यातले एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: 'सदर इसम ज्या जमातीत जन्मला तिचा पूर्वलौकिक लक्षात घेता, पंप निकामी होणे व झडप नाहीशी होणे ही एकाच कटाची दोन अंगे होत.' पाटलांनी ते दोनदा वाचून घेतले आणि खूष होऊन मान डोलावली.

अर्जाची नक्कल देण्यासाठी मी चौकीत गेलो तेव्हा बसवणप्पा मास्तर तिथे आधीच आले होते. हणमंता भिंतीशी जमिनीवर बसला होता. मास्तर त्याच्यासमोर उभे होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही की धीर दिला नाही.

"दोरी सोडली हुतीस?"

"न्हाय सर."

"का?"

"कागदावर बावीस लिवलं हुतं. लई चांगल्या अक्षरात."

"तुझा बाप विहिरीवर गेला तर आधी काय करतो?"

"दोरी सोडतो."

"कागद वला झाला हुता का पाण्यानं?"

त्याने मान खाली घातली. मास्तर वळले. माझ्या हातातली नक्कल त्यांनी पाहिली, पण मागितली नाही. फौजदारसाहेबांनी त्यांना ऐकवले की उद्या दुपारी तहसीलदारसाहेब स्वतः विहिरीवर पंचनाम्याला येणार आहेत. अफरातफर शाबीत झाली की पोराची नोकरी जाईल आणि खटला उभा राहील. "अन् मास्तर, जामीन तुमीच हाय म्हनं," फौजदारसाहेब म्हणाले. "तुमच्या बी सहीचं बघावं लागंल."

"बघा," मास्तर म्हणाले आणि बाहेर पडून थेट त्या गावाच्या रस्त्याला लागले.

दिवेलागणीला ते माझ्या घरी आले. पायांवर धूळ होती आणि खिशातून लोंबणाऱ्या दोरीचे टोक ओले होते. मी चहा टाकायला सांगितला, त्यांनी हाताने नको म्हटले.

"मुन्शीजी, एक काम हाय. भिंतीला पाठ लावा."

मला वाटले, शाळेच्या प्रयोगासाठी माझ्यासारखा जबाबदार इसम हवा असेल. मी टोपी सारखी करून उभा राहिलो.

"हात वर करा. पुरा. बोटं ताठ."

मी हात वर केला. त्यांनी माझ्या मधल्या बोटाच्या टोकाशी खडूने रेघ मारली. मग दोरीचे टोक जमिनीला टेकवले आणि गाठी मोजत वर आले. 'ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु.' सातवी गाठ रेघेच्या दोन बोटे वर गेली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"हा तुमचा परूस," मास्तर म्हणाले. "तुमी ठेंगणे, म्हणून सातात जरा कमी. यल्लप्पाचा साडेसात. वडार समदे पाच हाताचाच, म्हंजी साडेसात फुटाचाच धरतात. तुमी साडेपाच कुठनं आणला?"

"परूस म्हणजे माणसाची उंची," मी म्हणालो. "मी टोपीपर्यंत धरली."

"माणसाचीच. पर विहिरीतल्या माणसाची. तो हात खाली सोडून उभा ऱ्हात न्हाय, मुन्शीजी. मातीची पाटी वर देत उभा ऱ्हातो."

मी हात अजून वरच धरला होता. तो खाली घ्यावा हे मला सुचले नाही.

"चार साडेसाते तीस," ते म्हणाले. "आज दोरी सोडली. पाणी बराबर तिसाला हाय. बत्तीस फुटाचा नळ, म्हंजी दोन फूट पाण्यात. वरनं बघणाऱ्याला वाटतं, नळ बुडालाय, मग पाणी का येत न्हाय? झडप खराब असंल. पोराला बी तेच वाटलं." त्यांनी दोरी गुंडाळली. "उद्या मी साहेबासमोर दोरी सोडणार. तीस दाखवणार. बावीस कुठनं आलं, ते मी सांगणार न्हाय."

"का?"

"ते मापायचं साधन माझ्याकडं न्हाय."

ते गेले. अर्जनवीसाचा परवाना कचेरी देते आणि कचेरीच काढून घेते. सरकारी कागदात खोटा आकडा घातला असे ठरले की सतरंजी उचलावी लागते. त्या रात्री मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. त्यात लिहिण्यासारखे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहिरीवर सगळे गाव जमले होते. साहेब खुर्चीवर, पाटील आणि फौजदार त्यांच्या मागे, हणमंता शिपायाच्या बाजूला. माणसांच्या कड्याबाहेर, उन्हात, यल्लप्पा वडार पहारीवर हात टेकून उभा होता. मास्तरांनी दोरीला ओळंबा बांधला आणि काठावर गुडघे टेकून ती सोडू लागले. त्या दिवशी त्यांनी मोठ्याने मोजले. अंक कानडीत होते आणि विहिरीतून ते घुमून परत येत होते.

"मास्तर मंतर घालाया लागलंय," कोणीतरी म्हणाले. दोघे-तिघे हसले. विसाच्या पुढे हसू बंद झाले. बावीस आले आणि गेले. ओळंबा खाली जातच राहिला.

"मूवत्तु," मास्तर म्हणाले, आणि दोरी सैल पडली. "तीस, साहेब. पंचविसाच्या वर काठावरचा पंप पाणी देत न्हाय. झडप सोन्याची लावली तरी."

साहेब समंजस होते, पण त्यांना जत्रेची आणि वरच्या साहेबांची घाई होती. त्यांनी फॉर्म पाहिला. "उन्हाळ्यात पाणी उतरते. फॉर्म भरला तेव्हा बावीस असेल. मग ह्या मेकॅनिकने पुन्हा माप का घेतले नाही? आणि न विचारता झडप घेऊन का निघाला?" त्यांनी पाटलांकडे पाहिले. "तुम्ही किती सांगितले होते?"

पाटील माझ्याकडे बघत म्हणाले, "मला फुटातलं काय कळतंय, साहेब. मुन्शीनं लिवलं, म्या सई केली."

कारकून आजारी असल्यामुळे पंचनामा लिहायला मीच बसलो होतो. साहेब सांगू लागले, "लिहा. अर्जाच्या वेळी पाण्याची पातळी बावीस फुटांवर असून, पुढे उन्हाळ्यामुळे ती तीस फुटांवर उतरली. सदर मेकॅनिकने त्याची खातरजमा न करता..."

मी 'अर्जाच्या वेळी' इथपर्यंत लिहिले होते. टाक तिथेच थांबला आणि निबाखाली शाईचा ठिपका पसरू लागला. मास्तर पाठमोरे बसून दोरी गुंडाळत होते. त्यांनी एकदाही वळून पाहिले नाही. हणमंता माझ्या टाकाकडे बघत होता. त्याला अजून वाटत असावे की चांगल्या अक्षरात आलेले खरेच असते.

"साहेब," मी म्हणालो, "हे वाक्य मला लिहिता येणार नाही."

"का? शाई संपली?"

"पाणी उतरलेले नाही. पाटील चार परूस म्हणाले होते आणि आजही चार परूसच आहे. परूस साडेसात फुटांचा असतो, मी साडेपाच धरला. बावीस हा आकडा माझा आहे."

मग पाटील हळूच म्हणाले, "म्या म्हनलं व्हतं, वडाराला इचारू."

"परवाना कोणाचा तुम्हाला?" साहेबांनी विचारले.

"आपल्याच कचेरीचा."

"लिहून द्या."

मी नवा कागद घेतला. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आखूड अर्ज. त्यात 'मेहेरबान' नव्हते, 'सबब' नव्हते. 'परूस साडेसात फुटांचा असतो. मी साडेपाच धरून फॉर्म भरला. हणमंता यल्लप्पा याजविरुद्ध मी लिहिलेला अर्ज खोटा समजावा. चूक माझी आहे.' साहेबांनी तो वाचला आणि फौजदारांना म्हणाले, "नळ पाण्यात बुडालेला दिसत असताना पंप चालत नसेल, तर कोणीही झडपच काढून नेईल. सोडा त्याला." मग हणमंताला बजावले, "पुढच्या वेळी आधी माप."

शिपाई बाजूला झाला. हणमंता साहेबांच्या पाया पडला नाही, मास्तरांकडेही गेला नाही. माणसांचे कडे ओलांडून तो सरळ बापाकडे गेला आणि त्याच्या हातातली पहार त्याने घेतली.

त्याच संध्याकाळी यल्लप्पाचे सगळे पाल विहिरीत उतरले. काठाखाली पंधरा फुटांवर त्यांनी कपार खोदली, दगडी कट्टा बांधला आणि पंप त्यावर बसवला. जत्रेच्या आदल्या सकाळी इंजिन लागले. पहिल्यांदा नुसती फुरफुर झाली, मग गढूळ पाणी आले, मग स्वच्छ. येरमाळ्याच्या वाटेवरची माणसे ओंजळी पुढे करून उभी होती. मास्तरांनी धारेखाली हात धरला आणि नेहमीच्या आवाजात विचारले, "हा कोणता धडा?"

त्यांची पोरे शहाणपणाने उत्तर जुळवीत होती, तेवढ्यात मागून यल्लप्पा म्हणाला, "आमचा."

मास्तरांनी वही काढली.

माझा परवाना तीन महिने काढून घेतला गेला. ते तीन महिने मी लिंबाखाली सतरंजीशिवाय बसलो, कारण घरी बसणे त्याहून कठीण होते. शनिवारी मास्तर पोरांना घेऊन समोरून जात. एकदाही थांबले नाहीत, आणि एकदाही रस्ता बदलून दुसरीकडून गेले नाहीत. त्या प्रकरणाचा उच्चार त्यांनी माझ्यापाशी किंवा गावात कोणापाशी केल्याचे मला ठाऊक नाही.

दोन वर्षांनी त्यांची बदली नळदुर्गकडे झाली. मी नारळ घेऊन स्टँडवर गेलो. हणमंता टपावर त्यांची ट्रंक बांधत होता आणि मास्तर खालून त्याला गाठ कुठे मारायची ते सांगत होते. मी निरोपाचे चार शब्द तयार करून आणले होते, चांगले घडवलेले. ते बोलण्याआधीच कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तेव्हा मी खिडकीबरोबर चालू लागलो आणि भलतेच तोंडातून गेले.

"मास्तर, त्या वहीत... आमचा धडा सापडला का?"

इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेले की नाही, कळले नाही. गाडीने वेग घेतला, मी मागे पडलो. तेव्हा खिडकीतून काळ्या कोटाची बाही बाहेर आली. निरोप देताना माणसे हात हलवतात. हा हात हलत नव्हता. तो सरळ वर गेला, पुरा, बोटे ताठ, खालच्या माणसाने वरच्याला पाटी द्यावी तसा, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तसाच राहिला.

स्टँडच्या मधोमध मीही माझा हात वर केला.

"मुन्शी, गाडी गेली की," ओझे उतरवणारा एक हमाल म्हणाला. "आता हात करून काय उपेग?"

मी हात खाली घेतला नाही.